सापडलेले आणि दिलेले : विद्यापीठीय संशोधकाच्या उत्तरदायित्वाविषयी

मराठी संशोधनाच्या भाषेत 'सापडणे' या क्रियापदाला मोठी प्रतिष्ठा आहे. पोथी सापडते, ताम्रपट सापडतो, बखरीचे हरवलेले पान सापडते. लोकसाहित्याचा अभ्यासक थोडा नम्र असतो. त्याला ओव्या 'मिळतात'. या क्रियापदांची रचना पाहण्यासारखी आहे. 'संशोधकाला पोथी सापडली' या वाक्यात पोथी प्रथमेत आहे, संशोधक चतुर्थीत आहे, आणि ज्याच्या घरातून ती पोथी आली त्याला वाक्यात स्थानच नाही. 'मिळाली' म्हटले तर 'कडून' लावून त्याला आत घेता येते, पण घेतलेच पाहिजे असे नाही. 'देणे' हे क्रियापद मात्र दात्यावाचून उभे राहत नाही. कोणी तरी दिली, तेव्हाच ती दिली जाते. संशोधनविषयक लेखनात 'देणे' प्रस्तावनेतील आभारांपुरते येते आणि ग्रंथाच्या मुख्य भागात सर्वत्र 'सापडणे' नांदते, ही केवळ शैलीची बाब आहे असे मानता येत नाही. संशोधनाच्या नीतीचा विचार पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा या दोन क्रियापदांमधील अंतरापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी बीड जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल. कारण या जिल्ह्यातून गेल्या शतकभरात पोथ्या, ओव्या आणि दुःखे असे तीनही प्रकारचे साहित्य संशोधकांनी बाहेर नेले आहे.

प्रारंभ अर्थातच राजवाड्यांपासून करावा लागतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आपली संहिता प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. ही संहिता बीड येथील पाटांगणावरून आलेल्या, एकनाथांनी केलेल्या शुद्धीच्या पूर्वीच्या मानल्या गेलेल्या पोथीवर आधारलेली होती. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. पोथीला गाव सोडावे लागले, राज्य सोडावे लागले, आणि ती मराठी भाषेच्या इतिहासाच्या मध्यभागी येऊन बसली. शासनाने १९६० मध्ये प्रकाशित केलेल्या ज्ञानेश्वरीनेही मुख्यतः राजवाडे-संहितेचाच आश्रय घेतला. परंतु मूळ पोथी आज अभ्यासकांना उपलब्ध नाही. तिच्या एकनाथपूर्वत्वाविषयी शंका उपस्थित झाल्यावर राजवाड्यांनी ती संतापाच्या भरात नष्ट केली असे सांगितले जाते. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती मराठी विद्वज्जनांमध्ये ज्या सुरात सांगितली जाते तो सूर अभ्यासण्यासारखा आहे. त्यात हळहळ असते, पण कौतुकही असते. तपस्व्याचा कोप म्हणून ती गोष्ट खपून जाते.

पोथी गेल्यामुळे ज्ञानाची झालेली हानी सर्वांना कळते. राजवाड्यांनी दिलेली पाठ्ये पडताळून पाहण्याचा मार्ग बंद झाला. पोथीचा कागद, अक्षरवटिका, समासातील दुरुस्त्या यांवरून काळ ठरवण्याची शक्यता संपली. एका माणसाच्या वाचनावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पाठचिकित्सेच्या प्रत्येक व्याख्यानात हे सांगितले जाते. दुसरी हानी मात्र कोणी मोजलेली दिसत नाही. पाटांगणावर ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली होती. ज्यांनी ती राखली ते तिचे केवळ 'स्थान' नव्हते. कापडात गुंडाळून ठेवणे, वाळवीपासून आणि ओलीपासून जपणे, पारायणाच्या वेळी उघडणे आणि पुन्हा बांधणे, हे कार्य झाले नसते तर संशोधनाला विषयच उरला नसता. वाङ्मयेतिहासाच्या पुढील उल्लेखांत मात्र ती 'राजवाड्यांची प्रत' झाली. गाव उरले, तेही कंसात. राखणारे हात गेले. येथे संशोधकाची दोन कर्तव्ये वेगळी करता येतात. एक ज्ञानाप्रत आहे : आधार जपावा, तो इतरांना पाहू द्यावा, आपले निष्कर्ष दुसऱ्याच्या तपासणीस खुले ठेवावेत. दुसरे दात्याप्रत आहे. पहिल्याविषयी आपली विद्यापीठे निदान बोलतात. दुसऱ्याविषयी त्यांच्याजवळ भाषाच नाही.

राजवाडे विद्यापीठाचे नोकर नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ते पदरमोड करून, उपाशीतापाशी गावोगाव हिंडले आणि त्या श्रमांचा त्यांना ऐहिक मोबदला मिळाला नाही. विद्यापीठीय अध्यापकाची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. संशोधन हे त्याच्या सेवेचे अंग आहे. त्याचे वेतन सार्वजनिक पैशातून येते. त्याच्या पदोन्नतीचा हिशेब २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर शोधनिबंधांच्या गुणांकनात मांडला जाऊ लागला. माजलगाव तालुक्यातील एखाद्या वस्तीवर जाऊन त्याने चाळीस ओव्या उतरवून घेतल्या आणि त्यांवर निबंध प्रसिद्ध केला, तर त्या ओव्यांचे रूपांतर गुणांत, गुणांचे वेतनश्रेणीत होते. ओवी सांगणाऱ्या स्त्रीच्या दिवसाची मजुरी मात्र त्या दुपारी बुडालेली असते. हे विधान कटू वाटेल. पण यात कोणावर आरोप नाही. देवघेवीची ही व्यवस्थाच अशी आहे की त्यात वाईट हेतू नसलेला माणूसही एकतर्फी लाभार्थी होतो. म्हणूनच हा प्रश्न व्यक्तिगत सज्जनपणावर सोडून भागत नाही.

व्यवस्थेने आपल्या परीने नीती सांगितली आहे. आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटीविषयीचे विनियम आणले आणि वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या : दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीसपर्यंत एक पायरी, साठपर्यंत दुसरी, त्यावर तिसरी, प्रत्येक पायरीला दंड. हे विनियम आवश्यक होते, यात शंका नाही. ज्या प्रकारचे प्रबंध काही काळ सर्रास मान्य होत होते ते पाहता त्यांना उशीरच झाला असे म्हणावे लागेल. पण या मोजणीचे गृहीतक तपासावे. साम्य कशाशी पाहायचे, तर आधी लिहिल्या गेलेल्या आणि साठवल्या गेलेल्या मजकुराशी. ज्याचे लिहिलेले आहे त्याचेच चोरले जाऊ शकते. एखाद्या अध्यापकाने सहकाऱ्याच्या पुस्तकातील दोन परिच्छेद अवतरणचिन्हांवाचून घेतले तर यंत्र ते दाखवील. त्याच अध्यापकाने एका निरक्षर वृद्धेने जन्मभर जमवलेला ओव्यांचा साठा, तिने स्वतः केलेल्या अर्थविवरणासह, आपल्या नावावर छापला तर यंत्र शून्य टक्के दाखवील. तांत्रिक दृष्ट्या तो निबंध संपूर्णतः मौलिक ठरेल. विशेषतः अर्थविवरणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'ही ओवी सासुरवासाची वाटते, पण आम्ही ती भावाच्या रागात म्हणतो' असे सांगणारी स्त्री सामग्री पुरवीत नसते. ती समीक्षा करीत असते. शोधनिबंधात ते विवरण 'असे लक्षात येते की' या कर्मणी छायेत शिरते आणि अभ्यासकाचे होऊन जाते.

यावर एक भारदस्त आक्षेप आहे आणि तो लोकसाहित्याच्या व्याख्येतूनच येतो. लोकसाहित्य सामूहिक असते, अनामिक असते; ओवी कोणा एकीची नसते; तिला नाव चिकटवणे म्हणजे आधुनिक, छापील, मालकीहक्काच्या संस्कृतीतील 'लेखक' नावाची कल्पना मौखिक परंपरेवर लादणे होय. मराठीतील थोर संकलने या समजुतीच्या छायेतच झाली. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'साठी मायबहिणींच्या तोंडच्या ओव्या अपार जिव्हाळ्याने गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून अफाट सामग्री वाचवली. या कार्याचे ऋण फेडता येणार नाही. तरीही त्या परंपरेत ओव्या विषयवार लागल्या, माहेर, सासर, बंधू, पंढरी अशा. सांगणारीवार लागल्या नाहीत. पुढे साहित्यसिद्धान्ताने या अनामिकतेला आणखी एक आधार दिला. रोलां बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यावर, मराठी विभागांतून ती पोहोचेपर्यंत दोन दशके गेली खरी, पण पोहोचली तेव्हा लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती फारच सोयीची वाटली. संहिताच बोलते, मग बोलणारीची चौकशी कशाला?

येथे एक गफलत आहे. बार्थ ज्या लेखकाला दूर सारतात तो फ्रेंच वाङ्मयव्यवहारात दीडदोनशे वर्षे सिंहासनावर बसलेला लेखक आहे. ज्याचे चरित्र, चेहरा, हस्ताक्षर, पत्रव्यवहार अर्थनिर्णयावर सत्ता गाजवीत होते त्याला खाली उतरवणे ही मुक्ती ठरते. जी कधी सिंहासनाजवळही गेली नाही तिला तेच शास्त्र लावणे म्हणजे जिला घर नाही तिला कमाल जमीनधारणेचा कायदा लावण्यासारखे आहे. शिवाय मालकी आणि उपस्थिती या दोन गोष्टी एक नव्हेत. ओवीचा साचा, ताल, ठरीव पदबंध सर्वांचे असतात, हे खरेच आहे. पण त्या साच्यातून कोणती ओवी निवडायची, कोणाच्या नावे म्हणायची, कोठे मोडून नवी घालायची, हा निर्णय जात्यावर बसलेल्या एका विशिष्ट स्त्रीचा असतो. नाव लिहिणे म्हणजे त्या निर्णयाची नोंद करणे. त्यातून ती ओवीची मालक ठरत नाही. ती तेथे होती एवढे ठरते.

हे केवळ तर्काने सांगण्याची गरज नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील स्त्रियांबरोबर जे काम आरंभले ते पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. एक हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका यांची त्यात नोंद आहे. या संग्रहाचे वैशिष्ट्य संख्येत नाही. प्रत्येक ओवीपाशी ती सांगणारीचे नाव आणि गाव आहे. हे काम पुण्याच्या एका लहान संशोधनसंस्थेत झाले, विद्यापीठाच्या मराठी विभागात नव्हे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. त्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील ध्वनिमुद्रणे १९९६ मधील आहेत. राधाबाई बोऱ्हाडे यांनी तेथे बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या सांगितल्या. ओवी देवांना अर्पण करण्याची जी जुनी रीत आहे तिच्यात त्यांनी देवांच्या जागी भीमरावांना आणि बुद्धाला आणले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा प्रकाशित करावयास घेतला, तेव्हा राधाबाईंचे नाव त्या ओव्यांसह जगासमोर आले.

कल्पना करावी की या ओव्या 'मराठवाड्यातील स्त्रीगीते' अशा शीर्षकाखाली, निनावी, विषयवार छापल्या गेल्या असत्या. त्या 'भक्तिपर ओव्या' या प्रकरणात गेल्या असत्या. भीमनगर हे नाव नसते तर त्या ओव्यांमागील वस्ती, तिचा गावाशी असलेला संबंध, धर्मांतरानंतर जात्याच्या पाळीपाशी झालेला बदल, यांपैकी काहीही वाचकाला दिसले नसते. मराठवाड्याला तर नावाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर या प्रदेशातील दलित वस्त्या जळाल्या. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी इतके सोसले गेले त्याच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून निनावी निवेदिकांची परिशिष्टे जोडलेले प्रबंध सिद्ध होत राहावेत, यातील विसंगती टोचायला हवी.

येथवरचा युक्तिवाद नाव देण्याच्या बाजूने गेला. परंतु हाच जिल्हा त्याला आडवाही येतो. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण धक्कादायक असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे उघडकीस येणे आवश्यक होते. प्रसिद्धी मिळाली नसती तर समितीही नेमली गेली नसती. पण त्याच प्रसिद्धीत काही स्त्रियांची नावे, चेहरे आणि गावे गेली. एका गावाच्या नावाला तर वृत्तपत्रांतून एक विशेषण जोडले गेले. ते विशेषण आणि ते गाव, दोन्ही येथे मुद्दाम लिहिलेली नाहीत. त्या गावच्या मुली कोठेही गेल्या तरी गावाचे नाव सांगताच समोरच्याच्या डोळ्यांत ते विशेषण उमटणार, याची जबाबदारी कोणाची?

म्हणजे माजलगावच्या ओवीगायिकेचे नाव गाळणे हा अन्याय, आणि चाळीस-पन्नास मैलांवरच्या ऊसतोड कामगार स्त्रीचे नाव छापणे हाही अन्याय. दोघी एकाच जिल्ह्याच्या, बहुधा एकाच वर्गाच्या. कदाचित एकच स्त्री सकाळी ओवी सांगते आणि दुपारी दुखणे सांगते. सामाजिक आणि वैद्यकीय संशोधनाने या दुसऱ्या बाजूचा विचार बराच केला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि २०१७ मध्ये ती अद्ययावत झाली. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये स्वतंत्र तत्त्वे तयार झाली. त्यांचा कल स्वाभाविकपणे गोपनीयतेकडे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासाचा कल श्रेय देण्याकडे असावा अशी अपेक्षा असते. मराठीचा संशोधक या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि त्याला यांपैकी कोणतीच शिस्त शिकवली जात नाही. 'ऊसतोड कामगारांच्या जीवनाचे साहित्यातील चित्रण' अशा विषयाचा प्रबंध घेणारा विद्यार्थी कादंबऱ्यांबरोबर मुलाखतीही घेतो. त्या मुलाखतींना कोणत्याही नैतिक समितीची संमती लागत नाही, कारण हा 'साहित्याचा' प्रबंध आहे. डॉक्टरला त्या स्त्रीला प्रश्न विचारण्याआधी संमतिपत्र लागते, समीक्षकाला लागत नाही. जणू शब्दांनी कोणालाही इजा होत नाही, अशी साहित्याच्या विभागांचीच समजूत असावी!

नाव द्यावे की झाकावे, याचा एकच नियम करता येणार नाही, हे उघड आहे. पण नियम करता येत नाही म्हणून निर्णय संशोधकाच्या सदसद्विवेकावर सोडावा, हा जो निष्कर्ष सहसा काढला जातो तो चुकीचा आहे. प्रश्न 'नाव द्यावे काय' असा नाही. 'हे ठरवायचे कोणी' असा आहे. आणि उत्तर एकच संभवते : जिचे ते आहे तिने. गोपनीयता ही संशोधकाने केलेली कृपा नव्हे आणि श्रेय हे त्याने दिलेले बक्षीस नव्हे. दोन्ही तिच्या अधिकाराची रूपे आहेत. संशोधकाचे काम हा अधिकार वापरता येण्याजोगी परिस्थिती निर्माण करण्याचे आहे, आणि ते काम दिसते त्याहून पुष्कळ अवघड आहे. कारण काय विचारले जात आहे हे कळल्याशिवाय होकाराला अर्थ नसतो. 'कॉलेजच्या पुस्तकात घालायचे आहे' या शब्दांनी घेतलेली परवानगी पूर्वी कदाचित पुरेशी होती. टंकलिखित प्रबंधाच्या चार-पाच प्रती निघत आणि त्या ग्रंथालयाच्या कपाटात शांतपणे पिवळ्या पडत. २००९ च्या विनियमांनंतर प्रबंध संगणकीय स्वरूपात सादर होऊ लागले आणि 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात जगाला खुले झाले. ज्ञानाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर परिशिष्टातील निवेदिकेचे नाव, वय, जात, गाव आणि तिने भरवशाने सांगितलेली सासरची हकीकतही खुली झाली. तिने होकार दिला होता तो कपाटाला.

या सर्वांहून नाजूक प्रसंग मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्यात उद्भवतो, आणि त्याची चर्चा तर जवळजवळ होतच नाही. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून पदव्युत्तर वर्गात येणारे कितीतरी विद्यार्थी स्वतः ऊसतोड कुटुंबांतील असतात. कोपीत वाढलेले, आश्रमशाळेत किंवा आजीपाशी राहून शिकलेले. अशा विद्यार्थ्याला 'तुझ्या भागातील लोकगीते' किंवा 'तुमच्या समाजाची बोली' असा विषय देणे मार्गदर्शकाला उचित वाटते, आणि त्यामागे सद्‌भावच असतो : अनुभव जवळचा, सामग्री हाताशी, खर्च नाही. पण 'सामग्री हाताशी' म्हणजे काय? ती त्याची आई असते, चुलती असते, आजी असते. परक्या संशोधकाला नाही म्हणता येते. मुलाला नाही म्हणता येत नाही. 'लेकराच्या परीक्षेचे आहे' म्हटल्यावर आई सांगते, आणि न सांगायचेही सांगते. ज्याला संमती म्हणतात ती येथे वात्सल्यात विरघळून जाते. दुसऱ्या बाजूने त्या मुलालाही आपल्या आईकडे 'निवेदिका क्रमांक ७' म्हणून पाहावे लागते. एम.ए.ला येईपर्यंत त्याने जे अंतर मोठ्या कष्टाने ओलांडले त्या अंतराची मोजपट्टी करून तीच त्याच्या हाती द्यायची, हे शिक्षण कोणत्या प्रकारचे आहे? त्याने आपल्या लोकांवर संशोधन करू नये असे येथे सुचवायचे नाही. उलट, भीमनगरच्या ओव्यांना त्या वस्तीतीलच अभ्यासक मिळावा, यासारखी इष्ट गोष्ट नाही. मात्र विषय निवडण्याचे स्वातंत्र्य त्याचे असले पाहिजे. त्याला ग्रेस किंवा मर्ढेकर यांच्यावर काम करायचे असेल तर त्याची जात-वस्ती पाहून त्याला लोकसाहित्याकडे वळवणे हा उपकार नाही. आणि मार्गदर्शकाने पुढे त्याच सामग्रीवर आपल्या एकट्याच्या नावाने निबंध लिहिला, तर दात्यांच्या साखळीत आणखी एक नाव पुसले जाते.

ज्ञानाला मर्यादा असते काय, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. भटक्या-विमुक्त जमातींमध्ये आपसांत वापरावयाच्या सांकेतिक बोली आहेत; पारुशी हे त्यांतील एक परिचित नाव. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या मराठवाड्यातील थोर अभ्यासकाने सांकेतिक आणि गुप्त भाषांवर ग्रंथ लिहून हे क्षेत्र मराठीला खुले केले, आणि त्यामुळे या समाजांच्या भाषिक प्रतिभेची प्रतिष्ठा वाढली यात वाद नाही. तरी एक प्रश्न उरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो कायदा जाऊनही ज्यांच्यावरील संशय गेला नाही, त्यांच्यापाशी परक्याला न कळणारी बोली असणे हे संरक्षण होते. तिचा शब्दकोश छापला म्हणजे तो भाषावैज्ञानिकाप्रमाणे पोलीस ठाण्यातही वाचता येतो. अशा प्रसंगी 'मला हे कळले आहे, पण मी ते छापणार नाही' असे म्हणण्याचे बळ संशोधकात असावे लागते. गुणांकनाच्या तक्त्यात न छापलेल्या निबंधासाठी रकाना नाही, हे सांगावयास नकोच.

दात्याचा अधिकार येथे इतका मांडला म्हणून तो निष्कर्षावरही चालतो असे कोणी समजू नये. मुकुंदराजांचे उदाहरण घ्यावे. 'विवेकसिंधू' अंबानगरी म्हणजे अंबाजोगाईत शके १११० मध्ये सिद्ध झाला, तोच मराठीचा आद्यग्रंथ, ही अंबाजोगाईकरांची श्रद्धा आहे. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे. विदर्भातील आंभोऱ्याचाही दावा आहे, आणि कालनिर्देश करणारी ओवी मुळातील की मागाहून घातलेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अंबाजोगाईच्या अध्यापकाला गावातून पोथ्या मिळतील, आदर मिळेल, व्याख्यानांची निमंत्रणे मिळतील. त्या बदल्यात त्याने कालनिर्णय गावाला हवा तसा लावावा, ही अपेक्षा त्याला नाकारता आली पाहिजे. त्याच गावात दासोपंतांची पासोडी, कापडावर लिहिलेले ते अजब पंचीकरण, वंशपरंपरेने जपले गेले. पाटांगणाची पोथी गेली आणि पासोडी राहिली. आज पासोडीवर वाद घालता येतो, कारण ती आहे. ऋण वस्तूचे आणि श्रमांचे असते, मताचे नसते. ज्याने पोथी दाखवली त्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापावे आणि त्याच पानावर त्याला न आवडणारा निष्कर्षही छापावा. फार तर छापण्यापूर्वी त्याच्या ओसरीवर बसून तो त्याला वाचून दाखवावा. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे आणि म्हणूनच बहुधा टाळली जाते.

जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत लोकगीतांवरील लघुप्रबंध पडून असतील. परिशिष्टांत ओव्या, खाली कधी नाव, कधी केवळ 'एक वृद्धा, वय अंदाजे ६५', कधी काहीच नाही. ज्या तेव्हा तिशीत होत्या त्यांतील अनेकजणी आज त्याच तालुक्यात, एसटीने तासाभराच्या अंतरावर असतील. नव्या विषयाच्या शोधात असलेल्या विभागांनी एक-दोन वर्षे नवे संकलन थांबवून ही परिशिष्टे घेऊन परत त्या गावांत जायला हरकत नाही. ओव्या वाचून दाखवाव्यात आणि विचारावे. कोणी म्हणेल, नाव घाला. कोणी म्हणेल, ही हकीकत काढून टाका, आता नातवंडे मोठी झाली. आणि एखादी ऐकता ऐकता मध्येच थांबवून सांगेल की ही ओवी तिची नव्हे, तिच्या थोरल्या जावेची. लिहून घेताना ती शेजारी बसली होती, पण तिला कोणी विचारले नाही.